राजाची काच, रयतेची काच

श्रोतेहो, कंदिलाची काच राखेनं पुसून लख्ख करण्याचं काम आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केलं असेल. त्या काचेची आठवण ठेवूनच आज आपण दूर स्पेन देशात जाऊ. तिथं एक राजवाडा पाहू, त्याची बाग पाहू आणि शेवटी काचेच्या भट्टीपाशी येऊ.

माद्रिद शहराच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, ग्वादारामा डोंगराच्या उतारावर, सान इल्देफोन्सो नावाचं गाव आहे. तिथल्या राजवाड्याला ‘ला ग्रांजा’ म्हणतात. ग्रांजा म्हणजे शेतवाडी. पूर्वी इथं मठातल्या ख्रिस्ती साधूंची शेतवाडी होती. स्पेनचा राजा पाचवा फिलिप यानं ती विकत घेतली आणि 1721 साली वाड्याचं काम सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली होती, म्हणजे काळ ध्यानात येईल.

फिलिप हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू. जन्म व्हर्सायच्या राजवाड्यातला. आजोबांच्या बागा त्याच्या मनातून कधी गेल्या नाहीत. वृत्तीनं तो फार उदास असे. 1724 साली त्यानं मुलाला गादीवर बसवलं आणि आपण इथं निवांत राहायचं ठरवलं. पण त्याच वर्षी मुलगा देवीच्या रोगानं दगावला, आणि राज्याचा भार पुन्हा बापाच्या डोक्यावर आला.

आता बागेत चला. इथं 26 कारंजी आहेत. त्यांवरच्या मूर्ती शिशाच्या, पण वरून ब्राँझसारख्या रंगवलेल्या. कीर्तिदेवतेच्या कारंज्याची धार तर सुमारे 40 मीटर उंच उडते. आणि पंप मुळीच नाही, बरं का! वर डोंगराच्या अंगाला एक तलाव आहे. त्याला ‘समुद्र’ म्हणतात. तिथलं पाणी नळांतून खाली येतं आणि उंचीच्या दाबानं उसळतं. पाटानं पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला यातलं मर्म सांगायला नको. पुढं नानासाहेब पेशव्यांनीही कात्रजच्या तलावाचं पाणी असंच उतारानं पुण्यात आणलं. फरक इतकाच, की ते हौदांत पडे आणि लोक त्यावर घागरी भरत.

वाड्याला खिडक्यांची तावदानं हवी होती, आरसे हवे होते. 1727 साली वेंतुरा सीत नावाच्या कातालोनियाच्या कारागिरानं राजाश्रयानं इथं भट्टी पेटवली. जळणाला वाल्साइनचं पाइनचं रान जवळच होतं. वाळू, सोडाखार आणि चुना एकत्र वितळवायचे. नळीच्या टोकाला तो तप्त गोळा घेऊन फुंकला की भांडं होतं. धातूच्या मेजावर ओतून रुळानं दाबला की सपाट काच होते. मग ती हळूहळू निवू द्यायची. घाई केली की तडकलीच! त्यानंतर घासणं, झिलई देणं, आणि आरसा करायचा तर मागून कथील आणि पारा.

या पाऱ्यापाशी जरा थांबा. त्याची वाफ विषारी. आरसेवाल्यांचे हात थरथरू लागत, दात हलत. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 सालीच व्हेनिसच्या आरसेवाल्यांचे हे हाल लिहून ठेवले होते. तरी राजेलोकांची आरशांची हौस काही थांबली नाही. ला ग्रांजाचा कारखानाही कधी स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. तिजोरीतूनच त्याला भर घालावी लागे. पुढं आगीच्या भीतीनं त्याची मोठी इमारत गावकुसाबाहेर बांधली. तिथं आता संग्रहालय आहे, आणि फुंकनळीनं काच घडवणारे कारागीर तिथं पाहायला मिळतात.

आता आपल्याकडे या. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: दरसाल माणशी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभारावेत. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. त्या पै-पैशातून 1908 साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. तिथं माल तर होईच, पण काचकाम जाणणारी माणसंही तयार होत. पुढं 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि त्याचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला.

गुरुजींनी आणि बाईंनी फळ्यावर 1727 आणि 1908 ही दोन सालं लिहावीत. पहिल्या भट्टीमागं एका राजाची तिजोरी होती, दुसरीमागं हजारोंचा एकेक पैसा. वाळू तीच, विस्तवही तोच. मग काच कुणाच्या पैशानं झाली आणि कुणाच्या घरी उजेड घेऊन गेली, एवढं मुलांना विचारून पाहा. उत्तर ती स्वतःच शोधतील.