लांबचा हात, लांबचा डोळा

केव्हीएम एक्सटेंडर म्हणजे हातात मावणाऱ्या दोन डब्या. एक यंत्रांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडायची, दुसरी माणसाच्या टेबलावर ठेवायची. मधे नेटवर्कची केबल. कॉम्प्युटर थंड, कुलूपबंद खोलीत राहतो आणि त्याचा कीबोर्ड, पडदा, माऊस भलत्याच इमारतीत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या जळगाव-धुळ्याकडे यंत्राला धूळ-उकाड्यापासून असं वेगळं ठेवता येणं फार मोलाचं आहे.

नाव अलीकडचं. अमेरिकेतल्या सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ मध्ये कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस यांची आद्याक्षरं जुळवून ते रूढ केलं. कूळ मात्र जुनं, आणि त्याची एक शाखा आमच्या खानदेशात रेल्वेच्या तारेसोबत आली.

साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर २५ हजार व्होल्टची वीज खेळू लागली. ती पुरवणारी उपकेंद्रं रुळाकडेला दूर दूर विखुरलेली. दर वेळी वीज तोडणारा ब्रेकर पाडायला माणूस धाडायचा तर गाड्या खोळंबणार. म्हणून ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, रेल्वेच्या बोलीत टीपीसी, एका खोलीत बसून लांबचे ब्रेकर हलवतो. जुन्या पद्धतीच्या अशा खोलीत भिंतभर मार्गाचा नकाशा असे, त्यावर स्विच आणि दिवे. हुकूम रुळालगतच्या केबलमधून वेगवेगळ्या सुरांच्या रूपात जाई.

त्या भिंतीवर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दिवा. स्विच फिरवला म्हणजे ब्रेकर उघडलाच असं नाही. तिकडून तसा निरोप परत आला की मगच दिवा बदलतो. पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेची वीज ठरावीक वेळ बंद, घेऊन माणूस तारेवर चढणार असेल, तर दिव्यावरही भागत नाही. फोनवर दोन्हीकडून प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोपाची खूण ठरणारे आकडे, दिले-घेतले जातात, तार अर्थ केली जाते, मगच तो शिडीला हात लावतो. पुढे भिंतीची जागा स्काडाच्या, म्हणजे संगणकावरून दूरनियंत्रणाच्या, पडद्यांनी घेतली. परतीच्या निरोपाची शिस्त राहिली.

रावेर-यावलच्या केळीबागांतही हेच. साधा ऑटो स्विच वीज आली की मोटर चालू करी, पण ती खरंच चालू झाली का, हे पाहायला रात्री मळ्यात जावं लागे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारख्या उपकरणांनी मोबाईलवरून मोटर सुरू करता आली, आणि त्याआधी तिकडे वीज आहे की नाही, तेही घरबसल्या कळू लागलं.

एक्सटेंडरमध्ये ही परतीची वाटच सगळ्यात जड. कीबोर्डवरची एक कळ दाबली की जेमतेम आठ बाइट निघतात. उलट दिशेने येणारं साध्या फुल एचडी पडद्याचं चित्र, सेकंदाला ६० वेळा, दाबून लहान न करता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे तीन अब्ज बिट. नेहमीच्या एक गिगाबिटच्या नेटवर्कवर ते मावत नाही. म्हणून डबीतली चिप ते आवळते, पलीकडची उलगडते. या आवळण्यात थोडा जरी उशीर झाला तरी माऊसचा बाण हातामागे रेंगाळतो.

रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर असताना डबी कशाला, असं कुणी विचारतं. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटर नीट चालू झाल्यावरच जागं होतं. डबी पडद्याच्या तारेलाच जोडलेली असते. मध्यरात्री कॉम्प्युटर सुरू होता होता अडकला, तर काळ्या पडद्यावर उमटलेली चूक सांगणारी ओळ दूरच्या टेबलावर जशीच्या तशी दिसते.