फोलिक : एका पानाची कुळकथा

गरोदर बाईला आशाताईंकडून जी लाल गोळी मिळते, तिला बहुतेक घरांत लोहाची गोळी म्हणतात. पण तिच्या पाकिटावर दोन नावं असतात. पहिलं लोह, 60 मिलिग्रॅम. दुसरं फोलिक ॲसिड, 500 मायक्रोग्रॅम, म्हणजे लोहाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मात्रा एवढीशी असल्यामुळे हे दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. मला मात्र त्याचीच कुळकथा सांगायची आहे, कारण ती मुंबईत परळला सुरू होते आणि आपल्या रोजच्या भाजीच्या टोपलीशी येऊन थांबते.

आधी शब्द पाहू. लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणजे झाडाचं पान. पुढे त्याचा अर्थ कागदाचं पान असाही झाला. म्युच्युअल फंडाच्या कागदावरचा फोलिओ नंबर, कागदपत्रं न्यायचा पोर्टफोलिओ, पोळ्या गुंडाळायची चांदीरंगी फॉइल, ही सगळी याच घराण्यातली. ‘फोलिक’ म्हणजे पानाचं, पानातून निघालेलं. आपण पाल्यावरून पालेभाजी म्हणतो, तशाच रीतीने हे नाव पडलं. पण ते पडायच्या दहा-बारा वर्षं आधी या द्रव्याची ओळख पटली होती, आणि ती पटवणारी बाई होती ल्यूसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म 1888 चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून घेतलं, मग वैद्यकाकडे वळल्या आणि 1920 साली डॉक्टर झाल्या. 1928 मध्ये त्या मुंबईला आल्या. इथे बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचा प्रश्न बिकट होता. त्याचा अभ्यास डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकाराने सुरू झाला होता, आणि त्यातलं रक्तक्षयाचं काम विल्सबाईंकडे आलं. ठिकाण होतं परळची हाफकिन संस्था. गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात प्लेगच्या लशीसाठी उभी राहिलेली ही प्रयोगशाळा आजूबाजूच्या गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात होती.

गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत. धाप लागे, पायांवर सूज येई, आणि त्यातल्या कितीतरी जणी बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर जात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं रक्त पाहिलं की एक विचित्र गोष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने कमी असत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे चित्र उलटं होतं, म्हणजे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती.

विल्सबाईंनी रक्ताबरोबर ताटंही तपासली, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. कोणत्या वस्तीतली बाई काय खाते, किती खाते, हे त्यांनी टिपून घेतलं. गिरणीत राबणाऱ्या आणि गरीब मोहल्ल्यांत राहणाऱ्या बायकांचं जेवण पाहिलं. सगळ्यात निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा होता, आणि हा आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त होता. फळं आणि भाज्या त्यांच्या वाट्याला क्वचित येत. आजाराचं मूळ त्या ताटात असेल, असा संशय विल्सबाईंना आला.

संशयाची खातरजमा करायला त्या 1929 मध्ये नीलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांची आहारसंशोधनाची प्रयोगशाळा होती. मुंबईच्या बायका जे खात तेच अन्न गाभण उंदरिणींना दिलं. त्या रक्तक्षयाने खंगल्या, काही विण्याआधीच मेल्या. त्याच अन्नात यीस्ट मिसळलं तेव्हा हा प्रकार टळला. उंदरांत उवांमुळे पसरणारा एक संसर्ग आहे आणि त्यानेही रक्त आटतं, हे पुढे लक्षात आलं. तेव्हा त्या माकडांकडे वळल्या. त्यांच्यातलं एक माकड अगदी अखेरच्या अवस्थेत होतं. त्याला मार्माइट चारलं आणि ते उठून बसलं.

मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर तळाशी उरणाऱ्या यीस्टचं काळपट, खारट, घट्ट सत्त्व. इंग्लंडमधल्या बर्टन या दारूभट्ट्यांच्या गावी 1902 पासून ते बरणीत भरून विकलं जाऊ लागलं. गोरी माणसं ते पावाला लावून खात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ झाकणाची हंडी, म्हणून बरणीवर हंडीचं चित्र असतं. महागड्या औषधांच्या मानाने ते फारच स्वस्त होतं.

तेच मुंबईच्या रुग्ण बायकांना दिलं गेलं. चौथ्या दिवसाच्या सुमारास त्यांना भूक लागू लागली, आणि रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी येऊ लागल्या. 1931 साली विल्सबाईंनी हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय काम करतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्या अनामिक द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

त्या काळात रक्तक्षयावर दुसरा उपाय होता यकृताचा. पर्निशियस ॲनिमिया हा जीवघेणा आजार यकृत खाऊन बरा होतो, हे अमेरिकेत 1926 मध्ये सिद्ध झालं होतं. पण विल्सबाईंच्या ध्यानात आलं की यकृताचा ओबडधोबड अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडतो आणि तोच शुद्ध करत नेला की निरुपयोगी ठरतो. म्हणजे शुद्ध करताना त्यांच्या कामाचं द्रव्य टाकून दिलं जात होतं. द्रव्यं दोन होती. शुद्ध अर्कात उरणारं ते पुढे ब-12 म्हणून ओळखलं गेलं. टाकून दिलं जाणारं ते विल्सबाईंचं.

त्याला नाव मिळालं 1941 मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात. हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स या तिघांनी चार टन पालक घेतला आणि गाळत, आटवत, वेगळं काढत त्यातून चिमूटभर द्रव्य मिळवलं. पानातून निघालं म्हणून ‘फोलिक’. यातले रॉजर विल्यम्स हे मिशनरी आईबापांचे चिरंजीव. 1893 साली त्यांचा जन्म कुठे झाला? उटकमंडला. कुन्नूरच्या शेजारच्याच गावी, विल्सबाई तिथे उंदीर घेऊन बसण्याच्या छत्तीस वर्षं आधी. योगायोगच आहे, पण कुळकथेत असे योगायोग टिपून ठेवावेत असं मला वाटतं.

आता आणखी एक भारतीय नाव येतं, जे आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचे, जन्म 1895 चा. त्यांचा सख्खा भाऊ संग्रहणीने गेला आणि स्वतः त्यांनाही त्या आजाराने ग्रासलं होतं. या संग्रहणीत अन्न अंगी लागत नाही, माणूस झिजतो, रक्त कमी होतं. मद्रासमध्ये वैद्यक शिकून ते बोस्टनला गेले आणि 1940 पासून न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या हाताखालच्या चमूने 1945 मध्ये फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. आता टनांनी पालक आटवायची गरज उरली नाही. ते हाती आल्याबरोबर ज्या आजारांवर वापरून पाहिलं गेलं त्यांत उष्ण देशांतली संग्रहणीही होती, आणि रुग्ण सुधारले.

इथवरची कथा रक्तक्षयाची. प्रतिकारशक्तीशी तिचं नातं कळलं ते बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या कामातून. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. अशा मुलांना फोलिक वर्गातली द्रव्यं दिली तेव्हा पेशी अधिकच वेगाने वाढल्या. फार्बर यांनी उलटा विचार केला. फोलिकची वाट अडवली तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फोलिकसारखंच दिसणारं पण काम न करणारं रसायन बनवून दिलं. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला. त्याआधी या आजारावर असं काहीच नव्हतं. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव वारले. त्या रसायनाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर वापरतात, आणि ज्या आमवातात शरीराची संरक्षणफळी स्वतःच्याच सांध्यांवर उठते तिथे थोड्या मात्रेत देऊन तिला शांत करतात.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अल्पायुषी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गटातल्या पेशी फार तर काही दिवस जगतात. हाडांच्या मगजात रोज अब्जावधी नव्या पेशी तयार होतात तेव्हा कुठे हिशेब जुळतो. पेशी दुभंगायची तर आधी आतल्या डीएनएची पूर्ण नक्कल उतरवावी लागते, आणि त्या नकलेसाठी लागणारे घटक फोलेटशिवाय, म्हणजे या फोलिक वर्गातल्या द्रव्यांशिवाय, बनत नाहीत. ते कमी पडलं की पेशी फुगते, पण दुभंगत नाही. परळच्या बायकांच्या रक्तात दिसणाऱ्या मोठाल्या पेशींचं कोडं हेच होतं. आणि जो मगज तांबड्या पेशी बनवतो तोच पांढऱ्याही बनवतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशीही अशाच सतत बदलतात, आणि ते अस्तर हा जंतूंपुढचा पहिला तट.

म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेल्या डब्यांकडे पाहताना मला या इतिहासाची आठवण होते. विल्सबाईंनी मुंबईच्या बायकांची कोणतीही शक्ती वाढवली नाही. जे उपाशी होतं त्याला त्यांनी अन्न दिलं. गरजेपुरतं फोलेट पोटात गेलं की मगज आपलं काम करतो. त्याहून दुप्पट खाल्लं म्हणून दुप्पट पेशी तयार होत नाहीत. या द्रव्याचा शरीरातला साठा मात्र काही महिन्यांचाच. म्हणून ते अधूनमधून पुष्कळ खाण्यापेक्षा रोज थोडं खाणं कामाचं.

रोज मिळेल असं ते आहे कशात? मेथी, पालक, माठ, चाकवत, राजगिरा, अंबाडी. पावसाळ्यात टाकळा. आणि जे पालेभाजीइतकंच महत्त्वाचं, ते कडधान्य : हरभरा, चवळी, मूग, मटकी. यीस्टमध्ये जे सापडलं ते या उसळींतही आहे. पण फोलेट नाजूक. ते पाण्यात उतरतं आणि तापवलं की नासतं. पालक उकडून ते पाणी ओतून दिलं तर त्यातलं जवळपास निम्मं मोरीत जातं. आपल्या जुन्या पद्धती या बाबतीत शहाण्या आहेत. ताकातली पातळ भाजी, डाळ घालून शिजवलेली मेथी, उसळ काढून उरलेल्या पाण्याचा कट, यांत पाणी ताटातच येतं. पालक हिरवागार दिसावा म्हणून उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी टाकायची हॉटेलची रीत घरी आली आहे, ती सोडलेली बरी.

या कथेचा पुढचा अध्याय पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत घडला. 1993 मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिथे गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्यातली आहाराची निरीक्षणं मांडली. बाईच्या पोटात एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं गेली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याचा दिसला. त्याच अभ्यासातून एक इशाराही मिळाला : आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-12 कमी असेल, तर मूल सहा वर्षांचं होईतो त्याच्या अंगात मधुमेहाकडे नेणारी लक्षणं दिसू शकतात. यकृताच्या अर्कातून विल्सबाईंनी जी दोन द्रव्यं ओळखली, ती एकमेकांच्या सोबतीनेच काम करतात. ब-12 पाल्यात नसतं, ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं. शाकाहारी घरात पालेभाजीच्या ताटात दह्याची वाटी हवी ती यासाठी. आणि फोलिकच्या गोळ्या मनानेच वाढवून घेऊ नयेत. सरकारी लाल गोळी मात्र गरोदरपणात 180 दिवस न चुकता घ्यायची.

विल्सबाई 1933 पर्यंत भारतात येत-जात राहिल्या. 1964 मध्ये त्या वारल्या. परळला त्यांनी जे पाहिलं ते अजून कितीतरी घरांत दिसतं. सगळ्यांची जेवणं उरकली की घरातली बाई बसते, तेव्हा भाकरी असते, भात असतो, भाजीच्या पातेल्यात मात्र तळाचा रस्सा उरलेला असतो. एक जुडी सहा माणसांत कितीशी पुरणार? घरात गरोदर बाई असेल, बाळंतीण असेल, आजारातून उठलेलं कुणी असेल, तर आज भाजी पहिल्यांदा त्यांच्या ताटात वाढा.