जठराचा कर्करोग : लवकर ओळखण्याचा इतिहास

वसईत शिक्षकांशी बोलत असताना एका बाईंनी आम्हांला विचारले, "तिशीतल्या माणसाला जठराचा कर्करोग होतो का? आमचे एक सर तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेताहेत, वजनही उतरले आहे." होतो, पण क्वचित. क्वचित होतो म्हणूनच त्याची शंका उशिरा येते.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण रोग आधीच पसरलेला असल्याने ती सुमारे चार महिन्यांतच दगावली. रोग वेळेवर दिसण्याची सोयच तेव्हा नव्हती.

ती सोय प्रामुख्याने जपानने केली. १९५० च्या सुमारास तेथे जठरात उतरवता येईल असा छोटा कॅमेरा तयार झाला. १९६२ साली जपानी डॉक्टरांनी 'प्रारंभिक' कर्करोगाची व्याख्या ठरवली : जठराच्या आतल्या अस्तरापुरता आणि त्याखालच्या थरापुरताच मर्यादित असलेला रोग. या अवस्थेत उपचार झाले, तर दहांपैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असा तेथील अनुभव आहे.

तरुणांत अडचण कोणती? १९६५ साली फिनलंडच्या लॉरेन यांनी या रोगाचे दोन प्रकार सांगितले. त्यांपैकी विखुरलेल्या प्रकारात पेशी एकमेकींना न चिकटता अस्तराखाली पसरतात. ठळक गाठ दिसत नाही. तरुणांत हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो. १९९८ साली न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष सापडला. अर्थात बहुतेक रुग्णांत असा आनुवंशिक दोष नसतो. मार्शल व वॉरन यांनी १९८२ साली वाढवलेला हेलिकोबॅक्टर हा जंतू मोठे कारण ठरला. १९९४ साली त्याची गणना कर्करोगकारकांत झाली.

आपल्याकडे परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. विरार लोकलने तेथे पोचता येते. पण आधी शंका यायला हवी.

बहुतेक अपचन कर्करोगाचे नसते. मात्र ते हटत नसेल, वजन घटत असेल, शौचास काळे होत असेल, थोडे खाताच पोट भरत असेल किंवा घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर दुर्बिणीने तपासणी करावी. गोळ्यांनी त्रास दबतो, रोग नव्हे. बाईंना आम्ही म्हणालो, "सरांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे पाठवा."