हातपंप (हापसा)
विंधन विहिरीतले पाणी हाताच्या जोरावर वर खेचणारे साधन. भारताच्या ग्रामीण भागात सर्वाधिक पसरलेला नमुना ‘इंडिया मार्क-२’. खडकाळ प्रदेशात विंधन यंत्रांनी खोलवरचे पाणी गाठता येऊ लागले, तेव्हा विंधन विहिरींवर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरापुरतेच होते. अख्खे गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालना व सोलापूर येथे मिशनरी संस्थांशी संबंधित विंधन पथकांनी पोलादी पंप घडवले. सोलापूरच्या नमुन्यावरूनच पुढे युनिसेफच्या साहाय्याने १९७०च्या दशकात मार्क-२ तयार झाला. त्याचे हे महाराष्ट्रातले मूळ फारसे कुणाला ठाऊक नसते.

मार्क-२च्या दांड्याच्या टोकाशी कमानीवरून फिरणारी साखळी असते. त्यामुळे सळई सरळ रेषेत वरखाली होते आणि घर्षण घटते. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चांगला चालतो.

सिलिंडरातला वायसर झिजला की दांडा नुसता हलतो, पाणी येत नाही. वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात, त्यासाठी तालुक्याच्या पथकाची वाट पाहावी लागते, आणि तोवर बायकांची पायपीट सुरू राहते. पुढच्या मार्क-३मध्ये पाइप न काढता दट्ट्या बाहेर येतो. ही सुधारणा खरे तर सुरुवातीपासूनच हवी होती. फ्लोराइडयुक्त पाणी मात्र कोणताही पंप शुद्ध करत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत दात व हाडांचे विकार त्यातूनच आले.