आजोबांचं पोट आधी का नव्हतं, आणि नंतर कुठून आलं?

आजचा भाग घरातूनच रेकॉर्ड केलाय, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून. मागे कुकरची शिट्टी किंवा खालच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. आणि ज्यांना ट्रेनमध्ये इयरफोन लावायलाही हात मोकळा नसतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

विषय सगळ्यांच्या घरातला आहे. वजन कमी करायचं तर व्यायाम करायचा की खाणं बदलायचं? मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण हा प्रश्न मला इतिहासाकडे घेऊन गेला, आणि तो इतिहास माझ्याच घरात निघाला.

झालं असं, की गेल्या वर्षी बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी आठच्या वर. डॉक्टर म्हणाले, औषध घ्याच, पण दहा किलो कमी करा. त्याच महिन्यात माझं स्वतःचं वजन भरलं ८६ किलो. वर्क फ्रॉम होमची कृपा. मी घाबरून सोसायटीच्या जिममध्ये जायला लागलो. सहा महिने ट्रेडमिल, एक दिवस चुकवला नाही. कमी किती झालं? दीड किलो. कारण जिमवरून आलो की अशी भूक लागायची की आईने केलेल्या पोळ्यांचा हिशेबच राहायचा नाही.

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "तुझे आजोबा एका बैठकीला चार भाकऱ्या खायचे. कधी गेले का जिमला? आणि पोट होतं का त्यांना?"

मला उत्तर देता आलं नाही. कपाटात आजोबांचा १९७४ चा एक फोटो आहे. लालबागच्या चाळीची गॅलरी, अंगात बंडी, मनगटं जाड, पोट सपाट. मग प्रश्न पडला, हा माणूस चार भाकऱ्या खाऊन असा कसा राहिला?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पाऊस नेहमीचाच कमी. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खनभर पडला, त्यात सातारा, सोलापूर, पुणे, नगर हे जिल्हे होरपळले. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते करा, खडी फोडा, तलाव खणा, त्याबदली मजुरी घ्या. मग खर्च वाचवायचा म्हणून सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याने एक प्रमाण ठरवलं. काम करणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आजच्या हिशेबाने साधारण सोळाशे कॅलरी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची.

आपल्याकडे हजारो मजुरांनी या कपातीविरुद्ध कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज केले. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी सांगितलं की एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस झिजत जाणार, आणि पुढे तिथे मजुरी वाढवावी लागली. हेच टेम्पल साहेब १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

हे मी का सांगतोय? कारण अन्न कमी केलं की वजन उतरतं, हे आपल्या मातीला कुणी ॲपवरून शिकवलेलं नाही. ते आपल्या लोकांनी मरणाच्या दारात पाहिलंय. त्यामुळे पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी 'वजन कमी करणं' हे ध्येय असूच शकत नव्हतं. 'अंग धरलंय' ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट होती. 'वाळलास रे' ही काळजी होती. माझी आजी शेवटपर्यंत मला 'वाळलास' म्हणायची, मी ८० किलोचा असतानाही.

आपली व्यायामाची परंपरासुद्धा याच चौकटीत वाढली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. तालमीतला पैलवान पहाटे उठून शेकड्याने जोर-बैठका मारायचा. आजच्या कुठल्याही जिमवाल्यापेक्षा त्याचा व्यायाम जास्त. पण तो बारीक व्हायला मारायचा का? अजिबात नाही. त्याच्यामागे दूध, तूप, बदाम, थंडाईचा खुराक असायचा. व्यायाम आणि खुराक ही एकच जोडी, आणि दोन्ही अंग भरण्यासाठी. म्हणजे नुसता व्यायाम माणसाला बारीक करतो, ही समजूत आपल्या तालमींनीच खोटी ठरवली होती. आपण नीट बघितलं नाही.

आता परत आजोबांकडे. ते १९५५ च्या सुमारास मुंबईला आले आणि गिरणीत साचाखात्यात लागले. आठ तास उभ्याने, साच्यांच्या मधून फेऱ्या. शिवाय चाळीचे जिने, नळावरचं पाणी, गिरणीपर्यंत चालत जाणं. लग्नाआधी ते एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गावकऱ्यांबरोबर राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. गिरणगावातल्या या खाणावळी बायका चालवायच्या, आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी. तर खाणावळीचं जेवण होतं चपाती, भात, आमटी, भाजी. भरपूर, पण दोनदाच. मधे चहा. चिवड्याचं पाकीट टेबलावर नाही, कारण टेबलच नाही.

नेमकं याच काळात गिरणी कामगारांच्या खाण्याचा आणि वजनाचा एक अभ्यास झाला. आपल्या नाही, बंगालच्या ज्यूट गिरणीत. हार्वर्डचे जाँ मायर आणि त्यांच्याबरोबर पूर्णिमा रॉय, के. पी. मित्र यांनी तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच गिरणीशी बांधलेली २१३ माणसं. कुणी दिवसभर बसलेला दुकानदार, कुणी कारकून, कुणी मशीनवर उभा, कुणी कोळसा वाहणारा.

निघालं काय? हलक्या कामापासून अगदी जड कामापर्यंत, काम वाढेल तसं खाणं वाढत होतं आणि वजन साधारण तेवढंच राहत होतं. शरीर स्वतःच हिशेब जुळवत होतं. पण जे पूर्ण बैठे होते, त्यांचा हिशेब तुटला होता. हालचाल कमी झाली म्हणून त्यांची भूक कमी झाली नव्हती. ते जवळपास कोळसा वाहणाऱ्यांइतकं खात होते, आणि वजनाने सगळ्यात जास्त भरत होते.

हे वाचलं आणि मला आजोबांच्या सपाट पोटाचं उत्तर मिळालं असं वाटलं. बाबांना उत्साहाने सांगायला गेलो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण तू त्यांना पाहिलंस ते कसे होते, आठव."

आठवलं. मी ज्या आजोबांच्या मांडीवर बसलोय, त्यांना पोट होतं. चांगलं गोल पोट. मी त्यावर डोकं ठेवून झोपायचो.

मधे काय झालं, तर १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बहुतेकांना गिरणी परत मिळाली नाही. आजोबा तेव्हा ४७ वर्षांचे. दोन वर्षं घरात अन्नाचीच चणचण होती, तेव्हा ते खरंच वाळले. मग मीरा रोडला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तिथे वॉचमनची नोकरी मिळाली. बारा तास, प्लास्टिकच्या खुर्चीवर. घरात पुन्हा धान्य आलं. चार भाकऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आजी प्रेमाने वाढायची, कारण तिने उपाशी दिवस पाहिले होते.

साच्यामागे चालणारा माणूस खुर्चीवर बसला, आणि भाकऱ्या चारच राहिल्या. आमच्या घरात बंगालच्या त्या गिरणीचा आख्खा तक्ता एकाच माणसाने भरून काढला. साठीच्या आत त्यांना मधुमेह झाला. पायाची जखम भरली नाही, बोट काढावं लागलं. २००३ मध्ये गेले. बाबांच्या गोष्टीतला हा भाग नेहमी गाळलेला असायचा.

त्यात आपल्या शरीरांची अजून एक गोम आहे, आणि ती पुण्यात उलगडली. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची, चरबी त्या मानाने राखलेली होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर आपण ठीक दिसतो तेव्हाही आतून ठीक असूच असं नाही. आपल्याला नुसतं वजन उतरवून भागत नाही, स्नायू पण लागतात. आणि ते उपास करून येत नाहीत.

मग माझ्या ट्रेडमिलचं काय चुकलं? २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकारी लोकांची दिवसभराची ऊर्जा मोजली. ते रोज मैलोन्‌मैल चालतात. पण शरीराचा आकार हिशेबात धरला तर त्यांचा एकूण खर्च शहरी अमेरिकन माणसाइतकाच निघाला. शरीर चालण्यावर खर्च करतं, तेव्हा दुसरीकडे काटकसर करतं असं दिसतं. शिवाय साधं गणित बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाऊण तास भरभर चालून जळतात सुमारे दोनशे. स्टेशनबाहेरचा एक वडापाव त्या परत करतो, वर थोडं व्याज देतो.

पण म्हणून व्यायाम वाया, असं नाही हां. अमेरिकेत १९९४ पासून, भरपूर वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातल्या बहुतेकांनी खाणं बदललंच होतं, पण टिकवणारे सरासरी रोज तासाभराची हालचाल करत होते. उतरवायला ताट, टिकवायला पाय, असं काहीसं.

२०१८-१९ मध्ये आपल्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर 'दीक्षित की दिवेकर' हे युद्ध पेटलं होतं, आठवतंय? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ही मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ते सांगायचे. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, थोडं थोडं पण वेळेवर, घरचं, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. भांडण जोरदार झालं. पण शांतपणे बघितलं तर येताजाताचं चरणं दोघांनीही बंद करायला सांगितलं, आणि हालचाल दोघांनीही सोडू दिली नाही. गिरणीतले आजोबा नकळत तेच करत होते.

आमच्या घरी आता काय? बाबांनी डॉक्टरांना विचारून जेवणाच्या वेळा ठरवल्या. हे विचारणं महत्त्वाचं आहे, कारण शुगरच्या गोळ्या चालू असताना मनाने जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. पोळ्या चारच्या दोन झाल्या, उसळ वाढली. रात्री आम्ही दोघं बेव्हर्ली पार्कमधून चालत निघतो. मी जिम सोडलं नाही, पण ट्रेडमिल कमी करून वजनं उचलतो, आणि आल्यावर पोळ्या मोजतो. आठ महिन्यांत बाबांचे सहा किलो गेले, माझे सात.

परवा चालताना बाबा एका गेटपाशी थांबले. आतला वॉचमन खुर्चीवर बसून डबा खात होता. बाबा त्याला म्हणाले, "काका, जेवण झालं की एक चक्कर मारत जा बिल्डिंगभोवती." तो हसला. म्हणाला, "गेट सोडून कसं जाणार, साहेब?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. आजोबांनाही कुणी गेट सोडू दिलं नसतं.

तुमच्या घरात अशी कुणाची गोष्ट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.