ससा, कासव आणि डिस्को

परवा रात्री झोप येईना म्हणून ‘द लास्ट डेज ऑफ डिस्को’ नावाचा १९९८ सालचा इंग्रजी सिनेमा पाहिला. दिग्दर्शक व्हिट स्टिलमन. नावावरून वाटलं होतं की भरपूर नाचगाणी असतील. गाणी आहेत, पण त्यातली माणसं नाचतात कमी आणि बोलतात फार. काळ ऐंशीच्या दशकाची अगदी सुरुवात, गाव न्यूयॉर्क. अ‍ॅलिस आणि शार्लट या दोघी प्रकाशन संस्थेत नव्यानेच नोकरीला लागलेल्या. पगार तुटपुंजा, खोल्या आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागे एक. संध्याकाळ झाली की सगळी मंडळी एका डिस्को क्लबच्या दाराशी, आत सोडतील का या काळजीत! जाहिरात कंपनीतला एकजण, सरकारी वकिलांच्या कचेरीतला एकजण, क्लबातच नोकरी करणारा एकजण. सगळे हुशार, आणि तासन् तास बोलत बसणारे.

सिनेमा संपता संपता मला न्यूयॉर्क दिसेनासं झालं आणि गिरगावातली मामाची खोली दिसायला लागली. कारण शार्लट कशी आहे? मैत्रिणीला सतत सल्ले देणारी, तिच्याच घरात राहून तिलाच कमी लेखणारी, आणि हे सगळं इतक्या गोड आवाजात की अ‍ॅलिसला रागावताही येऊ नये. म्हटलं, अरे, हिला मी ओळखतो. ही तर बाशू!

बाशू म्हणजे सई परांजपे यांच्या ‘कथा’मधला. ‘कथा’ १९८३ चा. हिंदी असला तरी त्याचं मूळ मराठी, एस. जी. साठे यांचं ‘ससा आणि कासव’ हे नाटक. राजाराम जोशी हा मुंबईतल्या चाळीत राहणारा कारकून, म्हणजे कासव. नसीरुद्दीन शाह. शेजारच्या संध्यावर, म्हणजे दीप्ती नवलवर, त्याचं प्रेम आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही. अशात त्याचा जुना मित्र बाशू येऊन खोलीत ठाण मांडतो. हा ससा, फारूक शेख. राजारामचे कपडे घालतो, राजारामचं खातो, चाळीतल्या आजीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना खिशात घालतो. बुटांच्या कंपनीच्या मालकावर छाप पाडून नोकरी मिळवतो, मग मालकाच्या बायकोवर आणि मुलीवरही जाळं टाकतो. आणि संध्यालाही पळवतो. भांडवल एकच, जीभ.

आदल्याच ‘चश्मेबद्दूर’मध्ये (१९८१) सईबाईंनी फारूक शेखला अगदी सज्जन, अभ्यासू मुलगा केलं होतं. इथे त्याच हसऱ्या चेहऱ्याला लबाड केलं. म्हणून तर बाशूचा राग यायला वेळ लागतो! १९८२ सालचा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कथा’ला मिळाला.

आता यात डिस्को कुठे आलं, असं तुम्ही म्हणाल. तर थोडा इतिहास.

अमेरिकेत डिस्कोची लाट ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने (१९७७) कळसाला नेली आणि दोनच वर्षांत लोकांना तिचा वीट आला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. म्हणजे स्टिलमनच्या सिनेमातली मंडळी क्लबच्या दाराशी रांग लावतात तेव्हा डिस्कोचे दिवस भरलेलेच आहेत. फक्त त्यांना ते मान्य नाही. शेवटी एकजण तर डिस्को कधीच मरणार नाही, असं भाषणच ठोकतो.

आणि आपल्याकडे? तिकडे तेराव्याची तयारी, तेव्हा इकडे बारसं! जून १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला. त्यातलं गाजलेलं डिस्को गाणं बंगळुरात जन्मलेल्या बिड्डूंनी लंडनमध्ये बांधलेलं, आणि गाणारी नाझिया हसन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. १९८१ मध्ये तिचा ‘डिस्को दिवाने’, आणि डिसेंबर १९८२ मध्ये मिथुन आणि बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’. गंमत म्हणजे त्या मिथुनचं नाव जिमी आणि स्टिलमनच्या सिनेमातल्या जाहिरातवाल्याचंही जिमी. तिकडचा जिमी कंपनीच्या गिऱ्हाइकांना क्लबात घुसवण्यासाठी धडपडतो. आपला जिमी फुटपाथवरून उठून थेट रंगमंचावर जातो.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर डिस्को आलं ते गणपतीच्या आराशीतल्या पळत्या दिव्यांतून आणि हळदीच्या बेंजोतून. जिल्ह्याचं कुलाबा हे नाव बदलून रायगड झालं तेही १९८१ मध्येच. क्लबचं दार आम्ही कधी पाहिलं नाही. पण मुंबईहून रेवसच्या लाँचने येणाऱ्या चाकरमान्यांच्या शर्टांच्या कॉलरी एकाएकी लांब झाल्या, एवढं चांगलं आठवतंय.

त्याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार. ‘डिस्को डान्सर’ लागला तेव्हा संपाला अकरा महिने होत आले होते. ‘कथा’ आला तेव्हाही संप मिटलेला नव्हता. ‘कथा’मध्ये संप दिसत नाही. तो कामगारांच्या चाळीचा नाही, कारकुनांच्या चाळीचा सिनेमा आहे. पण आज पाहताना वाटतं की मोडत काय होतं ते त्याला नेमकं कळलं होतं. एका जागी टिकून राहायचं, नेमाने काम करायचं, आपला दिवस येईलच, हा जो भरवसा गिरणीतल्या माणसाला होता तोच राजारामलाही होता. एकाचा संपात गेला. दुसऱ्याचा बाशूने नेला.

दोन्ही सिनेमांत आणखी एक साम्य आहे. बोलघेवड्यांच्या हुशारीची किंमत न बोलणारी माणसं भरतात. अ‍ॅलिस मैत्रिणीच्या सल्ल्याने वागायला जाते आणि एका रात्रीची शिक्षा आजाराच्या रूपाने भोगते. संध्या बाशूवर विश्वास टाकते आणि तो ऐनवेळी पसार होतो. राजाराम तिला स्वीकारतो, म्हणजे कासव जिंकतं. पण कसं जिंकतं? ससा शर्यत सोडून दुसऱ्या शर्यतीला गेला म्हणून! लहानपणी हे मला कळलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मामाने दाखवला होता हा सिनेमा. मामा विमा कंपनीत कारकून, गिरगावात एका खोलीत एकटा राहणारा, शनिवारी लाँचने गावी येऊन रविवारी परतणारा. लग्न केलं नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. सिनेमा सुटल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला आणि एवढंच म्हणाला, “बाशूसारखं बोलता यायला पाहिजे रे माणसाला.” मला वाटलं, थट्टा करतोय.

पुढे मला बोलता यायला लागलं. १९९१ नंतरच्या जगात बोलण्याला पगार मिळू लागला होता. मी विक्रीच्या नोकरीत गेलो आणि बरा चाललो. तोवर आमचा किनाराही बदलला होता. मांडव्याला झटपट बोटी लागू लागल्या आणि अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांना मुंबईची गिऱ्हाइकं यायला लागली. गावोगाव एक नवा व्यवसाय निघाला. त्याला ना दुकान लागतं ना अवजार. मोबाईल आणि जीभ, बस्स.

मामा निवृत्त होऊन गावी राहायला आला होता. त्याच्या वाट्याची सुपारीची वाडी, अर्धा एकरही नसेल, एकाला हवी होती. मामा तयार होईना. तो नाही म्हणत नव्हता, नुसता गप्प बसत होता. मग मला बोलावण्यात आलं. मी दोन दिवस ओटीवर बसून त्याला समजावलं. वाडीत आता काय पिकतं, गडी मिळत नाहीत, म्हातारपणी पैसा हाताशी हवा. यातलं काहीच खोटं नव्हतं. बाशूही सगळंच खोटं कुठे बोलतो? तिसऱ्या दिवशी मामाने सही केली. दलालीत माझा वाटा होता हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मामा गेला. वाडीच्या जागी निळ्या पाण्याचा तलाव असलेला बंगला आहे. शनिवारी रात्री तिथे जुनी गाणी लावतात. मागच्या महिन्यात रस्त्याने जाताना ऐकू आलं, ‘डिस्को डान्सर’मधलंच होतं. म्हणजे स्टिलमनच्या सिनेमातला तो पोरगा बरोबर म्हणत होता. डिस्को मेलं नाही.

हे दोन सिनेमे मी एकत्र का पाहू शकलो, ते मला आता कळतंय. इतकी वर्षं ‘कथा’ आठवला की मी स्वतःला राजारामच्या बाजूचा समजत आलो. बहुतेक सगळेच समजत असतील. बाशूच्या बाजूने टाळ्या वाजवणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. मग मधल्या काळात इतके बाशू आले कुठून?

मामाचं ते वाक्य मी चाळीस वर्षं थट्टा म्हणून सांगत आलो. कदाचित तो पोटतिडकीने बोलत असेल. स्वतःबद्दल... ओटीवरच्या त्या दोन दिवसांत तो माझ्याकडे बघत काय विचार करत होता, कुणास ठाऊक.

असो. ‘कथा’ पाहिला नसेल तर जरूर बघा. पाहिला असेल तर पुन्हा बघा, आणि या वेळी आपण कोण ते आधी ठरवून टाकू नका.