स्पूलवरचा ख्याल

७८ फेऱ्यांच्या तबकडीने गवयाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे दिली. त्यात विलंबित ख्याल मावणार कसा? अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या म्हणजे गाण्याचा अर्क. भरलेली बैठक नव्हे.

तो अवकाश दिला स्पूलच्या फितीने. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेले हे यंत्र पुढे आपल्याकडच्या हौशी रसिकांच्या दिवाणखान्यात आले. सात इंची चक्रीवर बाराशे फूट फीत. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती बत्तीस मिनिटे चाले, निम्म्या वेगाने चौसष्ट. वेग जास्त तितका आवाज स्वच्छ. पण फीत महाग, म्हणून पुष्कळांनी निम्मा वेग पत्करला. बरेच केले म्हणायचे. राग मध्येच तुटला नाही!

या खासगी फितींत तंबोरे जुळवणेही ऐकू येते. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे. आमच्या सीमाभागातल्या बैठकीत 'वाहवा'च्या जोडीला कानडी 'भेष' उमटतेच. इतिहासाच्या अभ्यासकाला मी हे साधन दप्तरातल्या कागदाइतकेच अस्सल मानतो.

मात्र फितीवरचा लेप सुटतो, चिकट होतो, बुरशी धरते. यंत्र दुरुस्त करणारे हात विरळ झाले. वाडा पाडताना अशी चक्री हाती लागली, तर उत्साहाने लगेच वाजवू नका. जाणकाराकडून आधी तपासून संगणकावर उतरवून घ्या.